श्वासाचं काम

या, अशा पुढे सरका. सतरंजीची ही कड मोकळी आहे, पाय पोटाशी घेतलेत की दोघी सहज मावाल. एक गोष्ट सांगते, आणि ती आवाजाची आहे म्हणून जवळ बोलावते. लांबून ऐकलीत तर नुसता सूर पोचेल, आतलं राहून जाईल. गोष्टीत देव आहे, पण तो उशिरा येतो आणि आल्यावरही बोलत नाही. तोवर तुम्हांला माझ्यासोबत एका कपाटात बसावं लागेल. घाबरू नका, कपाट साड्यांचंच आहे.

गुरुवारी संध्याकाळी केशवरावांकडे तालीम होती. केशवराव आमच्या मराठी मंडळातले सगळ्यांत जुने, चाळीस वर्षांपूर्वी बहरीनला आलेले. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली कापडाची दुकानं, जिन्यात कोऱ्या कापडाचा आणि वेलचीच्या कॉफीचा वास. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, माझं पहिलं कीर्तन होतं. माईक तपासायला जयेश आला होता. इथल्या एका इव्हेंट कंपनीत साउंडचं काम करतो, तिशीचा असेल, मंडळाचं काम मात्र हौसेने करतो. कानांवर हेडफोन चढवून तो म्हणाला, "बोला वहिनी, काहीही बोला." मी नमनाची ओळ म्हटली. दुसरी घ्यायच्या आधी सवयीने खोल श्वास घेतला. जयेशने एका कानावरचा हेडफोन सरकवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमचा आवाज मी कुठेतरी ऐकलाय." एवढंच. मग खाली वाकून तो वायर गुंडाळायला लागला. त्याचा चेहरा मला दिसला नाही. केशवराव आतून चहा घेऊन आले, "यल्ला, गरम आहे तोवर घ्या" म्हणाले, आणि मी कप हातात धरून उभी राहिले. कप भाजत होता, तरी तो खाली ठेवायचा असतो हे बराच वेळ सुचलंच नाही.

कुठेतरी. हा शब्द मी घरी घेऊन आले. मयुरेश, माझा नवरा, गाडी चालवत होता, मागच्या सीटवर आमची सात वर्षांची निधी कानांत काहीतरी घालून बसली होती. मयुरेश ॲल्युमिनियमच्या भट्टीवर इंजिनिअर आहे. त्याला कुठलीही गोष्ट आधी थंड झालेली लागते, मगच तो हात लावतो. मी जयेशचं वाक्य सांगितलं. त्याने पुढचा राउंडअबाउट घेतला. मग म्हणाला, "बँकेच्या फोनवर ऐकला असेल. तू ते केलंयस ना, हिंदीसाठी दोन दाबा." मी म्हटलं, "त्यात मी श्वास नव्हता घेतला." तो हसला नाही. हमद टाउनचे राउंडअबाउट एकामागून एक येत राहिले, सगळे सारखे, प्रत्येक वेळी वाटावं की आपण मघाच्याच ठिकाणी परत आलोय. शेवटी तो म्हणाला, "अक्षता, माझी अट आठवते ना?" आठवत होती. लग्नाआधी मी त्याला सगळं सांगितलं होतं, पुण्यात, रसवंतीत बसून. ग्लास संपवून तो म्हणाला होता, ठीक आहे, फक्त मला सिनेमांची नावं कधी सांगू नकोस. चांगला माणूस आहे हो. पण चांगल्या माणसाने एक दार बंद ठेवायला सांगितलं की आपण जन्मभर त्या दाराशीच उभे राहतो.

आम्ही त्याला श्वासाचं काम म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि मृणाली. मृणाली अमरावतीची, माझ्याआधी दोन वर्षं मुंबईत आलेली. मालाडच्या एका तळघरातल्या स्टुडिओत आम्ही दोघी आवाज द्यायचो. सकाळी ती कार्टूनमधली खार व्हायची आणि मी त्या खारीची मावशी. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मोठ्यांचे सिनेमे यायचे, ज्यांच्यावर पाटी असते आणि जे घरात कुणी एकत्र बसून बघत नाही. पडद्यावरच्या बाया दक्षिणेतल्या, बाहेरच्या, कुठकुठच्या, हिंदी आमची. मृणाली डबा झाकताना म्हणायची, "चल मावशी, देवळातून निघू आता बाजारात." तेव्हा हसू यायचं. सलील नावाचा रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे बसायचा, फार सभ्य माणूस, आमच्याकडे बघू नये म्हणून पडदा तिरका लावायचा. खोटं कशाला बोलू, मी त्या कामात चांगली होते. छातीतून कुठला श्वास येतो, घशातून कुठला, कुठे तो अर्धा तोडायचा म्हणजे ऐकणाऱ्याला पुढचं स्वतःचं स्वतः ऐकू येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. की शिकवलं होतं? डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या देवळात चैत्रात एक कीर्तनकार बाई यायच्या. नऊवारी, हातात चिपळ्या, आवाज खर्जातला. देवाला हाक मारायची वेळ आली की त्या आधी थांबायच्या, खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्यासुद्धा सरळ बसायच्या, आणि मग बाई एक श्वास घ्यायच्या. हाकेच्या आधीच देव आल्यासारखं व्हायचं. नऊ वर्षांची होते मी. त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि विचारलं, "काय व्हायचंय गं?" मी म्हटलं, "तुम्ही." ते व्हायला मी निघाले होते आणि वाटेत हे तळघर लागलं. त्या बाईंचा श्वास मी तिथे नेऊन वापरला. कीर्तन नंतर कधीतरी करायचं होतं, पोट भरल्यावर, लग्न झाल्यावर, निधी मोठी झाल्यावर. इथे आल्यावरही सलीलच्या फाइली येत राहिल्या. मयुरेशची शिफ्ट असली की मी साड्यांच्या कपाटात बसायचे, पाठीमागे रजई, समोर माईक. पलीकडच्या मशिदीत अजान सुरू झाली की काम थांबायचं, कारण अजान फाइलमध्ये आलेली चालत नाही. मग त्या चार मिनिटांत, कपाटाच्या अंधारात, मी कीर्तनाचं आख्यान पाठ करायचे. तोच माईक, त्याच साड्या, तोच घसा. अजान संपली की पुन्हा फाइल. मला यात काही वावगं वाटत नव्हतं, किंवा वाटायला लागायच्या आत अजान संपायची. गेल्या रमजानात एक दिवस निधी शाळेतून लवकर आली. कपाटाचं दार उघडून मला बघत उभी राहिली. "आई, व्हाय आर यू ब्रीदिंग लाइक दॅट? आर यू क्राइंग?" मी म्हटलं, "देवाचं पाठ करतेय गं." त्या दिवसापासून फाइली बंद. सलीलला लिहिलं, आवाज बसलाय.

पण गोष्ट ही नाही. ही सांगायला मला तुम्हांला एवढं जवळ बोलावायची गरज नव्हती. गोष्ट त्या बाईची आहे.

तिचं नाव मला माहीत नाही. सिनेमाच्या पाटीवर दर वेळी वेगळं असायचं. अकरा सिनेमांत ती होती आणि अकराही वेळा तिचा आवाज मी होते. रुंद कपाळ, डाव्या भुवईत एक खाच, हसताना खालचा ओठ दाताखाली धरायची सवय. ती कधी कुठे श्वास घेणार हे मला तिच्या खांद्यांवरून कळायचं, इतकं की घरी भाजी चिरतानाही माझे खांदे तसे हलायचे. सिनेमा काढताना सेटवरचा जो कच्चा आवाज येतो त्याला पायलट म्हणतात. तो आमच्या कानांत वाजत असतो, त्याच्यावर आम्ही आमचा आवाज बसवतो, आणि मग तो पुसला जातो. तिच्या पायलटमध्ये बहुधा काही नसायचं. पंखा, कुणाची सूचना, खुर्ची सरकल्याचा आवाज. नवव्या सिनेमात मात्र ती बोलली. माणूस तिच्या अंगावर होता, तिचा हात कुठेतरी मागे दुमडला होता, आणि अगदी हळू, कॅमेऱ्यासाठी नाही, त्या माणसासाठी, ती मराठीत बोलली. कागदावर त्या जागी लिहिलं होतं, 'हां, ऐसे ही', आणि पुढे एक लांब श्वास. पण पडद्यावर तिचे ओठ तीनदा मिटत होते आणि 'हां, ऐसे ही'मध्ये ओठ मिटतच नाहीत. मृणाली माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली होती, तिच्याही कानांवर हेडफोन. तिने माझा दंड धरला. "अक्षता, ऐकलंस? ती नको म्हणते आहे." मी म्हटलं, "नीट ऐकू येत नाही गं." काचेपलीकडून सलील म्हणाला, "पायलट बंद करून देऊ का? तुम्ही फक्त ओठ बघा, मिटलेत की उघडे." आणि मी ओठ बघितले. जिथे जिथे मिटत होते तिथे तिथे मी एक 'म्म' घातला, हुंकारासारखा, सुखाचा. एका टेकमध्ये झालं. सलीलने काचेतून अंगठा दाखवला. "कमाल आहे तुमची," म्हणाला. मृणालीने हेडफोन काढून खुंटीला अडकवला, पर्स घेतली आणि गेली. परत त्या स्टुडिओत आली नाही. मी त्या रात्री तिला फोन केला तेव्हा म्हणाले, आपण नुसता आवाज, चित्र आपलं थोडंच असतं. ती म्हणाली, "तिच्याकडे एक आवाजच तर होता." त्यानंतर आमचं बोलणं नाही. नऊ वर्षं. माझ्या लग्नात ती नव्हती. निधीच्या बारशालाही नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी केशवरावांकडे गेले. सांगायचं होतं की मी उभी राहत नाही. कारण तुम्हांला ठाऊक आहे, कीर्तनात पूर्वरंग संपला की मध्ये थांबतात. कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात आणि सगळे येऊन पाया पडतात. नारदाच्या गादीवर जो उभा असतो त्याने तेव्हा नको म्हणायचं नसतं, मागे सरायचं नसतं, उलट वाकायचंही नसतं. वय, नातं, काही बघायचं नाही. म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचे केशवराव माझ्या पायांवर डोकं ठेवणार आणि मी सरळ उभी राहणार. जयेशही येणार. केशवराव देवघरातली भांडी घासत बसले होते. मी म्हटलं, "काका, माझ्या या आवाजाने मी फार दिवस दुसरी कामं केली आहेत. चांगली नाहीत. या आवाजाने गादीवर उभं राहू नये असं वाटतं." त्यांनी वर बघितलं नाही. चिंचेने निरांजन घासत म्हणाले, "मी आलो तेव्हा झल्लाकच्या एका हॉटेलात होतो, माहितेय का तुला? समुद्राच्या काठी. अकरा वर्षं बारचं स्टोअर सांभाळलं. दिवसभर बाटल्या मोजायच्या आणि संध्याकाळी याच हातांनी याला अंघोळ घालायची." देवघरातल्या बाळकृष्णाकडे त्यांनी मान हलवली. "तो काही म्हणाला नाही कधी. वास येत असेल बिचाऱ्याला." मग माझ्या हातात निरांजन देऊन म्हणाले, "पूस नीट. पाणी राहिलं तर डाग पडतो." मी पुसलं. किती प्रेमाने सोडवलं होतं त्यांनी मला. पण जिना उतरताना, कापडाच्या ताग्यांमधून चालताना, मला एवढंच वाटत होतं की त्यांची बाटली त्यांना कधी थांब म्हणाली नव्हती.

गाडीत बसून मी मृणालीला फोन लावला. ती उचलेल असं वाटलं नव्हतं. "बोल," ती म्हणाली, जसं काही कालच बोलून फोन ठेवला होता. मागे मुलं कविता म्हणत होती. अमरावतीला तिने लहान मुलांचा वर्ग काढलाय हे मला कुणाकडून तरी कळलं होतं. मी म्हटलं, "मृणाली, ती काय म्हणाली होती? मला 'थांब' एवढंच आठवतं. बाकीचं मी स्वतःच झाकून टाकलं." पलीकडे मुलांचा आवाज लांब गेला, ती बाहेर आली असावी. "खरंच आठवत नाही का आठवायचं नाही?" "आज आठवायचंय." मग मृणालीच्या तोंडून, तिच्या माहेरच्या बोलीत, नऊ वर्षांनी ते वाक्य आलं, अगदी साधं. "थांब ना गा भाऊ, माहा हात दुखून राह्यला." आणि पाठोपाठ तिचं तीच म्हणाली, "भाऊ म्हणाली गं त्याला. तशातही." मग तिने विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "कीर्तन." "तुझं?" "माझं." "मग कर की," ती म्हणाली, "आणि हेडफोन काढून कर." हा टोमणा होता की आशीर्वाद, अजून कळलेलं नाही. फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "पोरीचं नाव काय ठेवलंस?" मी सांगितलं. "बरं आहे," म्हणाली.

हॉल भरला होता. पुढे बायका, मागे कामावरून तसेच आलेले पुरुष, काहींच्या गळ्यात अजून ऑफिसची ओळखपत्रं. मयुरेश दाराजवळ निधीला मांडीवर घेऊन बसला होता. पूर्वरंग बरा गेला. नाम म्हणजे काय, हाक म्हणजे काय, पाठ केलेलं होतं, आलं. मग हार आला, बुक्का आला. केशवराव पुढे आले, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू वाकले, आणि त्यांच्या टकलाचा थंडपणा माझ्या अंगठ्याला लागला. मी सरळ उभी होते. एकामागून एक डोकी येत होती, तेलाची, मेंदीची, घामाची. जयेश आला. त्याने कपाळ टेकलं, उठला आणि क्षणभर माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं? काही होतं का? भक्ती आणि ओळख दोन्ही डोळ्यांत सारखीच दिसतात, मला त्या वेळी पहिल्यांदा समजलं. तो माईकपाशी परत गेला आणि हेडफोन चढवला. मग निधी आली, मयुरेशने पाठवलेली, नाचत नाचत. वाकली आणि माझ्या पायाशी पुटपुटली, "आई, यू आर शेकिंग."

उत्तररंगात आख्यान हाकेचं होतं. एकटी पडलेली बाई, भोवती माणसंच माणसं, कुणी मधे पडत नाही, आणि ती देवाला हाक मारते. हाकेची जागा मी कपाटात दोनशेदा घोटली होती, वरच्या सुरातून खाली येणारी, डोळ्यांत पाणी आणणारी. ती जागा आली. पेटीवाल्याने सूर धरला. मी थांबले, त्या डोंबिवलीच्या बाई थांबायच्या तशी. श्वास घेतला. आणि तो श्वास ओळखीचा निघाला. तळघरातला. तोच, नवव्या सिनेमातला, एका टेकमध्ये झालेला. समोर सगळे तोंड वर करून बसले होते, सरळ, त्या म्हाताऱ्यांसारखे, आणि मला दिसत होती डाव्या भुवईतली खाच. मी सूर सोडला. वर गेले नाही, खाली आले, बोलण्याच्या पट्टीत, अगदी हळू, ऐकवण्यासाठी नाही, कुणाला तरी सांगण्यासाठी म्हणाले, "थांब ना गा भाऊ. माहा हात दुखून राह्यला."

पेटी थांबली. टाळ थांबले. कुणाला कळेना, हे पुस्तकातलं की कुठलं. पंखे फिरत होते, मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि मला वाटलं, आता हे सगळं पायलटमध्ये येतंय. ओठ तीनदा मिटले. या वेळी त्यांच्यावर काही घातलं नाही. मधल्या रांगेतल्या एक बाई, अकोल्याकडच्या असाव्यात, पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, त्यांना अर्थापेक्षा माहेरची बोली आठवली असेल. दाराजवळ मयुरेशने मान खाली घातली. त्याला कुठल्याही सिनेमाचं नाव न सांगता सगळं सांगून झालं होतं. देव आला असेल तर तेव्हाच आला असेल. बोलला नाही. मी गजर सुरू केला आणि टाळ परत आले.

आरती झाली, प्रसाद वाटला, लोक पांगले. केशवराव म्हणाले, "ते हात दुखल्याचं कुठल्या पोथीतलं गं? मी ऐकलं नव्हतं कधी." मी म्हटलं, "एका बाईकडून ऐकलं होतं काका." ते म्हणाले, "तिला सांग, नमस्कार सांगितलाय." जयेश वायरी गुंडाळत होता. मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले. विचारलं नाही. त्याने विचारलं, "रेकॉर्डिंग चांगलं आलंय वहिनी. फक्त त्या हाकेच्या आधी तुमचा श्वास फार मोठा आलाय. कापू का?" तो वायरीकडेच बघत होता. मी म्हटलं, "नको. राहू दे." "बरं," तो म्हणाला, आणि वेटोळं पूर्ण करून त्याला रबर लावलं. आवाज कुठे ऐकला होता ते त्याने सांगितलं नाही. आजवर नाही.

तर अशी गोष्ट. माझी म्हणून लक्षात ठेवू नका, माझं काय, माझा आवाज तुम्ही ऐकलाय आणि मला हारही पडला. ती बाई कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. मृणालीलाही नाही. उद्या पोळ्या लाटताना, नाहीतर झोपलेल्या लेकराखालून हात काढताना तुमचा हात भरून येईल. तेव्हा घटकाभर थांबा आणि तिची आठवण काढा. रुंद कपाळ, डाव्या भुवईत खाच. नाव नसलं तरी चालेल. तिचा हात दुखत होता, एवढं लक्षात ठेवा.